बाबूसिंगचे हात आणि चार वाजताचा गूळ

माझ्या वरच्या ओळीतला पुढचा एक दात अर्धा आहे. पुण्याच्या दातांच्या डॉक्टरनं आरसा आत घालून विचारलं, "अपघात झाला होता का?" मी म्हणालो, "नाही हो, मैत्री झाली होती." दाताचा एक तुकडा हिंगोलीत पडला, अठ्ठ्याण्णव साली. उरलेला अर्धा तोंडात घेऊन परवा, कॉलेज सुटल्यावर चोवीस वर्षांनी, मी हिंगोलीच्या बसस्टँडवर उतरलो.

लोकांना आपलं कॉलेजचं गाव कशावरून आठवतं? कुणाला लायब्ररी आठवते, कुणाला एखादी खिडकी. मला हिंगोली आठवते ती कोण कुठे कसा पडला यावरून. रामलीला मैदान म्हणजे जिथं एका पैलवानाचा कान फाटला ते. कयाधूचा पूल म्हणजे जिथून दोघांनी आपणहून पाण्यात उड्या मारल्या, कारण पुलावर बाबूसिंग उभा होता. आम्ही पहिलं वर्ष संपवत होतो तेव्हा हिंगोलीचा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, फटाके उडाले. एक फटाका बाबूसिंगच्या पायाशी फुटला आणि नव्या जिल्ह्यातली पहिली मारामारी संध्याकाळी सव्वासहाला पार पडली. सरकारी दप्तरात नोंद नसेल. मी तिथं होतो.

बाबूसिंग राठोड माझा खोलीतला सोबती. मी जवळा बाजारचा, काडीपैलवान, अंगात शर्ट आहे की शर्टात मी आहे ते कळू नये असा. तो सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या तांड्यावरचा, दारातून आत यायचं तर आधी खांदा तिरका करावा लागे. पहिल्याच आठवड्यात तीन सीनियर पोरांनी माझी पत्र्याची पेटी कौलावर ठेवली आणि मला म्हणाले, वर चढून नाच. बाबूसिंग भाकर खात होता. त्यानं भाकर खाली ठेवली, हात धुतले, पुसले. मारण्याआधी हात धुणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढची दोन मिनिटं खोलीत नुसते आवाज होते. एकाचं नाक, एकाची बरगडी, तिसरा खिडकीतून गेला. खिडकी उघडी नव्हती. मी "अरे सोड, अरे सोड" करत मधे गेलो, आणि त्याचं कोपर मागे आलं.

"तू मधे काहून आलास पण?" माझ्या दाताचा तुकडा फरशीवर शोधत तो रडकुंडीला येऊन विचारत होता. त्या रात्री त्यानं मला दूध-भाकर कुस्करून चमच्यानं भरवली. तेव्हापासून मैत्री.

तिसऱ्या वर्षी इतिहासाच्या पेपराला तो खरोखर अभ्यास करून बसला होता. बाहेरून कुणीतरी मित्रासाठी दगडाला गुंडाळून कॉपी फेकली. दगड बाबूसिंगच्या टाळूला लागला. बाबूसिंग उठला, पेन टोपण लावून खिशाला अडकवलं, खिडकीतून खाली उडी मारली आणि फेकणाऱ्याला मारत मारत पार रेल्वे फाटकापर्यंत नेलं. परत आला तेव्हा पेपर संपला होता. बी.ए. तिथंच राहिलं. उत्तरपत्रिकेवर त्यानं एकच प्रश्न सोडवला होता आणि तो पानिपतावरचा होता, असं तो सांगतो. मला खात्री नाही.

हे सगळं सांगताना मला हसू येतं, आणि इतकी वर्षं मी हे पुण्यात लोकांना हसवायला सांगत आलो. पण एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून बाबूसिंगचं आणि त्याच्या मेहुण्याचं, रणजीतचं, भांडण झालं. पाळी कुणाची होती, ते आज दोघांनाही सांगता येणार नाही. बाबूसिंगनं एकच फटका मारला. हातात लोखंडी कडं होतं. कडं रणजीतच्या डाव्या डोळ्यावर बसलं. मोटारसायकलवर मधे बसवून, मागून एकानं धरून, बाबूसिंगनंच त्याला नांदेडला नेलं. वाटभर रणजीत एका हातानं डोळा दाबत होता आणि दुसऱ्या हातानं बाबूसिंगच्या पाठीत बुक्के मारत होता. डोळा गेला. पारुबाई, म्हणजे बाबूसिंगची बायको, रणजीतची सख्खी बहीण. त्या दिवसापासून तिचं माहेर तुटलं. अकरा राख्या तिनं आणल्या आणि डब्यात ठेवल्या.

बाबूसिंगनं कडं काढून कालव्यात टाकलं, शेत भावाला कसायला दिलं आणि हिंगोलीला येऊन गोरेगाव-सेनगावच्या जीपांच्या स्टँडवर नंबर लावायला लागला. काळ्यापिवळ्या जीपा आळीपाळीनं भरायच्या. जिचा नंबर तिनंच प्रवासी घ्यायचे. भरली की ती सुटली, मग पुढची. ह्या साध्या नियमावरून रोज डोकी फुटायची. बाबूसिंग आल्यापासून फुटत नाहीत. तो आता मारत नाही. म्हणजे त्याच्या भाषेत मारत नाही. दिवसाला एखादी थप्पड तो मारण्यात धरत नाही.

आणि आता त्याच्या शिलाची सोयरीक ठरत होती.

शिलानं नर्सिंग केलंय, गावातल्याच एका दवाखान्यात आहे. मुलगा गोरेगावकडच्या तांड्याचा, एसटीत मेकॅनिक. मुलाचा बाप नेमसिंग तांड्याचा नायक. बोलणी झाली, पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, आणि नायकानं अट घातली. "ज्या हातानं मेव्हण्याचा डोळा गेला त्या घरची पोरगी आणायची, तर हात निवला का न्हाई ते बघू द्या. गूळ खाईपर्यंत एका माणसावर जरी हात उचलला, तर मी गूळ घेऊन माघारी जातो." त्यांच्यात सोयरिकीचा गूळ एकदा पंचांसमोर खाल्ला की बोल पक्का. मग मोडत नाही. गूळ रविवारी चार वाजता होता.

मी बारा वाजता पोचलो. बाबूसिंग दाढी करून, पांढरा सदरा घालून ओसरीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.

"इज्या! आलास व्हय रे!" मिठी मारायला उठला आणि मधेच थांबला. "दात कसा हाय?"

"अर्धा."

"बराबर हाय. पूर्ण असता तर म्हनलो असतो दुसराच कोनी आला."

पारुबाई वहिनींनी जेवायला वाढलं. त्यांचं लक्ष ताटात नव्हतं, नवऱ्याच्या हातांकडे होतं. शिलानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाली, "काका, आठ दिवस झाले, बाबानं कोणाला बोट लावलं नाही. काल एकानं स्टँडवर शिवी दिली तर घरी येऊन भिंतीला मारलं. भिंत चालते, मी नायकांना विचारून घेतलंय. चार वाजेपर्यंत बाबाचे हात तुमच्याकडं."

"काही काळजी करू नको," मी म्हणालो.

एवढी एक गोष्ट मला आयुष्यात सोपवली होती.

दोन वाजता फोन आला की बदलीचा नंबरवाला आलाच नाही आणि स्टँडवर जीपा एकमेकींच्या अंगावर चढताहेत. वहिनी म्हणाल्या, जाऊ नका. बाबूसिंग म्हणाला, "अगं, नायकाची मानसं त्याच स्टँडवर उतरनार. उतरल्या उतरल्या त्यायनं मारामारी बघायची व्हय? अर्ध्या तासात येतो. इज्या हाय ना संगं."

उन्हाचा कहर होता. बाबूसिंग शिट्टी तोंडात घालून जीपांना मागेपुढे करायला लागला आणि मी सावली शोधायला लागलो. ओळीच्या शेवटाला एक नवी, धुतलेली जीप उभी होती. आत पंखा फिरत होता. ड्रायव्हर पंचविशीचा, केस नीट विंचरलेले. दार उघडून मोठ्या अदबीनं म्हणाला, "बसा ना साहेब. खामखा उन्हात काहून उभे? बसा, पंखा हाय."

मी पुढच्या सीटवर बसलो. मांडीवर बॅग घेतली. पुण्यात माणूस दिसेल त्या गाडीत बसतो, आणि बसताना कुणाला विचारत नाही.

आता इथं मला माझ्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते. कारण हा डाव मला माहीत होता. कॉलेजात असताना फुकट सेनगावला जायला मिळावं म्हणून मी आणि बाबूसिंग हेच काम करत होतो. खेड्यातून बाजाराला आलेली माणसं जीपेचा नंबर बघत नाहीत, जीपेत माणूस बसलाय का ते बघतात. पँटवाला, बॅगवाला एक माणूस पुढे बसलेला दिसला की त्यांना वाटतं हीच सुटणार. ड्रायव्हर लोक अशी खोटी माणसं बसवतात. त्या वेळी आम्ही जाणूनबुजून बसायचो. आता मी भोळेपणानं बसलो होतो आणि दहा मिनिटांत माझ्या मागे बारा माणसं, दोन पोती आणि एक बकरू चढलं.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. ओळ सोडून ती बाहेर निघाली तसा बाबूसिंग समोर आडवा आला.

"पेमा, तुझा नंबर सहावा हाय. उतरव मानसं."

पेमा! नाव फोनवर अनेकदा ऐकलं होतं. हा रणजीतचा मुलगा, पारुबाई वहिनींचा भाचा. डोळा गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता.

"भरली गाडी. आता जातो," पेमा म्हणाला.

"कोनी भरली?"

"हे साहेब बसले, मंग समदे बसले."

बाबूसिंगनं काचेतून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. रेल्वे फाटकापर्यंत मार खाल्लेल्या माणसाकडे बघतात तशी ती नजर होती. मी घाईघाईनं उतरलो. "बाबू, चूक माझी आहे, मी बसलो..."

"तू बाजूला व्हय. मधे येऊ नको. दुसरा दात हाय अजून."

पेमा खाली उतरला. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर जमले. पेमा बाबूसिंगच्या छातीला छाती लावून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "फुवा, आज तुमाला हात उचलता येत न्हाई म्हनं. व्हय का?"

"न्हाई येत."

"चार वाजेपर्यंत?"

"चार वाजेपर्यंत."

"मंग हे घ्या."

पहिला बुक्का नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला होता, पण तो नेहमी बाबूसिंगच्या समोरच्या माणसाचा. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आलं. बाबूसिंगचा उजवा हात आपोआप वर निघाला, खांद्यापर्यंत आला. सगळं स्टँड एक पाऊल मागे सरकलं. मग त्यानं तो हात हवेतून असा खाली ओढला जणू दुसऱ्याच कुणाचा आहे, आणि दोन्ही हात मागे नेऊन जीपेच्या पुढच्या लोखंडी गार्डाला घट्ट धरले. आता जीपही जाऊ शकत नव्हती आणि हातही.

पेमा मारत होता. पोटात, तोंडावर, कानावर. बाबूसिंगचा ओठ फाटला. एक दात मातीत पडला, अख्खा. प्रत्येक फटक्याला गार्ड करकरत होता. "हे बाबाच्या डोळ्याचं," पेमा म्हणत होता, "हे बाबाचं ड्रायव्हरीचं लायसन गेलं त्याचं. हे आजी रडून रडून मेली तिचं." बाबूसिंग प्रत्येक वेळी मान हलवत होता, हो म्हटल्यासारखी. मी न राहवून मधे घुसलो. पेमानं न बघता कोपर मारलं आणि मी पोट धरून जीपेच्या चाकाशेजारी बसलो. ह्या सोयऱ्यांच्या कोपरांचा आणि माझा काही तरी जुना हिशोब असावा.

दोन ड्रायव्हर पेमाला धरायला गेले तर बाबूसिंगच ओरडला, "धरू नका! त्याला मारू द्या!"

पेमाच्या बोटांची सालं निघाली होती. त्याला आता नुसत्या हातानं पुरेना. तो वळला, सीटखाली हात घातला आणि टॉमी काढली. चाक खोलायची लोखंडी कांब, हातभर लांब. एका बाईनं डोळ्यावर पदर घेतला. बाबूसिंगनं टॉमीकडे बघितलं. गार्ड सोडला नाही. डोळे मात्र मिटले.

"खाली ठेव ते!"

गोरेगावहून आलेली जीप मागे कधी लागली होती, कुणाला कळलं नव्हतं. तिच्यातून नेमसिंग नायक उतरला होता. पांढरा फेटा, साठी उलटलेला, हातात पिवळ्या फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. त्यानं येऊन टॉमी मधल्या मधे धरली. पेमा ओढत होता, म्हातारा सोडत नव्हता. "ठेव म्हनलं ना. बुक्क्यानं मारत होतास तवर मी बोललो का? उभा व्हतो. तुझं कारन मला माहीत हाय. पन लोखंडानं एक डोळा गेला तेवढा पुरे."

पेमाच्या हातातून कांब सुटली. मग त्याला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, नाक वर ओढत.

नायक बाबूसिंगपुढे उभा राहिला. वरून खाली बघितलं. मोडलेलं नाक, फुटलेला ओठ, गार्डाला चिकटलेले हात. मला वाटलं आता हा विचारणार, हे काय चाललंय. मी पुढे होऊन सांगायला लागलो, "नायक, ह्यानं हात उचलला नाही, मी साक्षीदार आहे, चूक माझी, मी नंबर सोडून बसलो..."

"तुमी कोन?"

"ह्याचा कॉलेजातला मित्र."

"मंग तुमाला नंबर ठाऊक पाहिजे व्हता," नायक म्हणाला, आणि माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

त्यानं फडकं सोडलं. गुळाची ढेप पेमाच्याच जीपेच्या बॉनेटवर ठेवली आणि टॉमीच्या एका ठोक्यानं फोडली. "पंच कोन कोन हाय?" त्याच्याबरोबर आलेले चौघे पुढे झाले. नायकानं गुळाचा खडा उचलून बाबूसिंगच्या रक्तानं भरलेल्या तोंडात घातला. दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. पंचांनी खाल्ला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गूळ झाला. पोरगी माझी झाली. अट सुटली." आणि बाबूसिंगकडे वळून, "आता तुझे हात तुझे."

बाबूसिंगनं गार्ड सोडला. बोटं सरळ व्हायला वेळ लागला. त्यानं रस्त्याकडेच्या रांजणातून पाणी घेतलं आणि हात धुतले. पुसले.

मला माहीत होतं ह्यानंतर काय होतं. मी डोळे मिटायच्या बेतात होतो. ड्रायव्हर पांगले. पेमा पळाला नाही; तिथंच उभा राहिला, डोळे पुसत, हात खाली सोडून.

एकच थप्पड बसली. पण अशी, की पेमा अर्धा गोल फिरून आपल्याच जीपेच्या दारावर आपटला आणि आतली बारा माणसं एका सुरात "अगागा" म्हणाली.

"ही नंबर मोडला म्हनून," बाबूसिंग म्हणाला. बोलताना ओठातून रक्त येत होतं. "बाकीचं तू मारलंस ते बराबर मारलंस. त्याच्यावर माझं कायी म्हननं न्हाई."

पेमा गाल धरून बघत राहिला.

बाबूसिंगनं बॉनेटवरचा गुळाचा खडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "शिलीचा गूळ हाय. मामाच्या घरचा कोनी तरी खायला पाहिजे."

पेमानं लगेच हात पुढे केला नाही. लांब केला, मागे घेतला, परत केला. सुजलेल्या बोटांत खडा नीट धरता येत नव्हता. तोंडाशी नेला आणि थांबला. मग खिशातून रुमाल काढला, खडा त्यात ठेवला, दातानं गाठ मारली.

"मी न्हाई खात," तो म्हणाला. "बाबाला नेऊन देतो. त्यानं खाल्ला तर खाल्ला. फेकून दिला तर मला विचारू नका."

"फेकू दे," बाबूसिंग म्हणाला. "पन त्याला सांग, आत्यानं अकरा राख्या ठेवल्यात. लय तकलीफ झाली तिला. माझं तोंड बघायचं नसंल तर नको बघू म्हनाव, तिचं बघ."

पेमानं मान हलवली की नाही, ते मला दिसलं नाही. त्यानं बारा माणसं, दोन पोती आणि बकरू खाली उतरवलं आणि जीप ओळीत मागे नेऊन लावली, सहाव्या नंबरावर.

कुणीतरी फोन केला होता; शिला दवाखान्यातून पट्ट्या आणि टाक्यांचं सामान घेऊन धावत आली. तिनं आधी बापाच्या नाकाकडे बघितलं, मग बॉनेटवरच्या फुटक्या ढेपेकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. "बाबा, घरी चला, टाके पडतील," ती म्हणाली. बाबूसिंग म्हणाला, बदलीवाला येईपर्यंत इथंच टाक. तिनं तिथंच, स्टुलावर बसवून, आधी नाकाला पट्टी लावली. नायक शेजारी उभा राहून सुनेचं काम बघत होता.

तेवढ्यात दुसरी सुटली, तिसरी सुटली. तासाभरात पेमाचा नंबर लागला. बाबूसिंग नाकाला पट्टी, ओठाला दोन टाके, सदरा लाल, अशा थाटात उठला आणि पेमाच्या जीपेच्या दाराला हात लावून ओरडायला लागला, "चला गोरेगाव, गोरेगाव, सेनगाव!" पेमा समोर बघत स्टिअरिंग धरून बसला होता. रुमालाची गाठ समोर काचेपाशी होती.

एक म्हातारी गाठोडं घेऊन आली, पायरीवर एक पाय ठेवून थबकली आणि बाबूसिंगच्या तोंडाकडे बघायला लागली.

"लेकरा, ह्या गाडीत मारामारी होनार हाय का रे?"

"न्हाई माय," बाबूसिंग तिचं गाठोडं आत ठेवत म्हणाला, "आताच झाली. बैस तू."